यूट घेताय? आधी वजनकाटा, मग बुलबार

ऑस्ट्रेलियात येऊन दोन-तीन वर्षं झाली की बऱ्याच जणांच्या डोक्यात यूटचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपचा, किडा वळवळायला लागतो. सेडान विकायची, डबल कॅब (चार दारांची यूट) घ्यायची, वर तंबू, पुढे बुलबार (जनावर धडकलं तर गाडी वाचवणारा धातूचा जाड बार), मागे फ्रिज आणि सुट्टीत थेट उत्तर टोकाचं केप यॉर्क. माझंही तेच झालं आणि मी सगळं उलट्या क्रमाने केलं, म्हणजे सेल लागला की सामान घ्यायचं, बसवायचं, आणि मग एकदा बायको, पोरं, पाणी, डिझेल सगळं भरून सहज म्हणून वजनकाट्यावर गाडी नेली तर जीव्हीएमच्या, म्हणजे कायदेशीर वजनमर्यादेच्या, १४० किलो वर! अजून खाण्याची खोकी घरीच होती. तेव्हापासून कुणी विचारलं ना की कुठली यूट घेऊ, तर मी आधी विचारतो की सोबत कोण येणार, काय नेणार, आणि मागे काही ओढणार का.

तर आधी हा जीव्हीएमचा हिशोब नीट समजून घ्या, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. जीव्हीएम म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त कायदेशीर वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो पेलोड. समजा जीव्हीएम ३०५० किलो आणि रिकामी गाडी २१३० किलो, तर हातात ९२० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. आता मोजा: चौघांचं कुटुंब २६०, स्टीलचा बुलबार आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) १००, कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं झाकण) ६०, रूफ रॅक आणि वरचा तंबू १००, ड्रॉवर आणि भरलेला फ्रिज ११०, दुसरी बॅटरी आणि वायरिंग ३०, पाणी ६०, जास्तीचं साठ लिटर डिझेल ५०, दुसरी स्टेपनी, हत्यारं, रिकव्हरीचं सामान ७०, कपडे, खाणं, खुर्च्या, गॅस १००. झाले ९४०. संपला विषय, आणि अजून मागे कॅरॅव्हॅन लावलेलीच नाही.

कॅरॅव्हॅन लावली की तिच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार टोबॉलवर (कॅरॅव्हॅन जोडायचा मागचा गोळा) येतो आणि तो तुमच्याच पेलोडमधून जातो. अडीच टनाची व्हॅन म्हणजे अडीचशे किलो गेले. जाहिरातीत ३५०० किलो ओढते असं मोठ्या अक्षरात लिहितात, पण गाडी आणि व्हॅन मिळून जी मर्यादा असते, जीसीएम, ती कुणी सांगत नाही. जीसीएम ६००० असेल आणि मागे पूर्ण ३५०० लावले तर गाडीला उरले २५००, म्हणजे वरच्या हिशोबाने माणसं धरून ३७० किलो. चौघं बसले आणि फ्रिज ठेवला की खेळ खल्लास. शिवाय मागच्या ॲक्सलची वेगळी मर्यादा असते, तीही बघा, कारण यूटमध्ये सगळं वजन मागेच जातं.

आता गाडी कुठली. भांडणं लावायची नाहीत मला, पण थोडं सांगतो. हायलक्स, रेंजर, डी-मॅक्स, ट्रायटन, नवारा, सगळ्या एका मापाच्या आहेत आणि कुठलीही घेतली तरी ऐंशी टक्के ठिकाणी पोचाल. बीटी-५० आणि डी-मॅक्स आतून बहिणी-बहिणीच आहेत, नवी अमारोक आणि रेंजरचंही तसंच, त्यामुळे जिच्यावर बरी डील मिळेल ती घ्या. हायलक्सचा फायदा असा की आडगावातल्या गॅरेजमध्येसुद्धा पार्ट मिळण्याची शक्यता जास्त. लँडक्रूझर ७९ चा रुबाब वेगळाच, २०२२ पासून जीव्हीएम ३५१० किलो आहे, वजन उचलायला तिला तोड नाही, पण पैसे खूप, आवाज खूप, आणि मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा कमी असल्यामुळे वाळूत मागची चाकं पुढच्यांच्या खाचेत जात नाहीत, स्वतःची नवी खाच पाडत बसतात. लोक लाखभर डॉलर देऊन वर ते दुरुस्त करायला अजून पैसे घालतात. आवडीला मोल नसतं, पण आपण घरचं कर्ज फेडणारी माणसं.

डबल कॅब की एक्स्ट्रा कॅब? दोघंच फिरणार असाल तर एक्स्ट्रा कॅबचा (मागे छोट्या सीटची यूट) विचार नक्की करा. मागे माल ठेवायची जागा लांब मिळते आणि भार ॲक्सलच्या पुढे राहतो. डबल कॅबमध्ये टब, म्हणजे मागचा हौदा, छोटा आणि त्याचा बराचसा भाग ॲक्सलच्या मागे लोंबतो, वर लोक मागे अजून स्टेपनी, जेरीकॅन लटकवतात, आणि मग खड्ड्यात आपटून चासी वाकते. हे खरंच होतं, हसू नका. सेकंड हँड घेताना कॅब आणि टबच्या मधली फट बाजूने बघा, वर जास्त आणि खाली कमी दिसली तर नमस्कार करून निघायचं.

सेकंड हँडचं अजून थोडं. गाडीखाली झोपून चासी बघा, बीचवर फिरवलेली गाडी वरून चकाचक आणि खालून गंजलेली असते. डिझेल गाडी फक्त शाळा-ऑफिस करत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदलेला असू शकतो, सर्व्हिसचे कागद मागा. आणि पीपीएसआरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, दोन डॉलरमध्ये कळतं की गाडीवर कर्ज आहे का, राइट-ऑफ (अपघातात निकालात काढलेली) झालेली आहे का. दोन डॉलर वाचवायला जाऊ नका.

फोर व्हील ड्राइव्ह कसली आहे हेही विचारा. बहुतेक यूट पार्ट-टाइम असतात, म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावायचं नाही, पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर जातात आणि मधल्या सगळ्या गिअर-शाफ्टला पीळ बसतो. ट्रायटनचं सुपर सिलेक्ट किंवा रेंजर व्ही६ मध्ये डांबरावर चालणारा मोड आहे, पावसाळी रस्त्यावर व्हॅन ओढताना त्याचं मोल कळतं. मागचा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) कंपनीकडूनच असलेला बरा. पुढचा नंतर बसवता येतो पण खरं सांगू, आजकालचं ट्रॅक्शन कंट्रोल इतकं बरं आहे की बऱ्याच जणांना त्याची गरजच पडत नाही.

आता मॉडिफिकेशन. पहिले पैसे टायरवर. बाकी काही नका करू एकवेळ, पण कंपनीचे पातळ टायर काढून एलटी कन्स्ट्रक्शनचे (जाड, मजबूत बांधणीचे) ऑल-टेरेन घाला, पाच घ्या, चार नाही, दोन हजार डॉलरच्या आसपास जातील. मड टायर दिसायला भारी पण हायवेवर भुंकतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागतो, आणि आपल्या प्रवासाचा नव्वद टक्के भाग तर डांबरच असतो. सोबत बरा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर.

कारण ऑफ-रोडिंगमधली अर्धी अक्कल हवा कमी करण्यात आहे. वाळूत १८ पीएसआय (टायरमधल्या हवेचं माप) पासून सुरू करायचं, रुतली तर १५, अगदीच अडलं तर थोडं अजून खाली, पण मग हळू चालवायची आणि झटका देऊन वळवायची नाही, टायर रिममधून निसटतो. कॉरुगेशनवर, म्हणजे ते पत्र्यासारखे लाटालाटांचे रस्ते, गिब रिव्हर रोडसारखे, तिथे साधारण २६-२८ आणि वेग ताब्यात. हवा कमी केल्याने टायर लांबट होतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि दगडावर फुटायच्या ऐवजी दबतो. ६६० किलोमीटरचा तो रस्ता फुल हवेत केलात तर गाडीचा एकेक बोल्ट शिव्या देईल. डांबरावर परत आलात की लगेच भरा, १८ च्या हवेवर १०० ने जाणं म्हणजे टायर भाजायला ठेवणं.

दुसरे पैसे रिकव्हरीवर. रिकव्हरी म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढणं. पुढे-मागे रेटेड रिकव्हरी पॉइंट (ओढायला बनवलेले मजबूत हूक), चाकाखाली घालायचे दोन मॅक्सट्रॅक्स टाइप बोर्ड, लांब दांड्याचं फावडं, ओढायला एक ताणला जाणारा स्नॅच स्ट्रॅप किंवा कायनेटिक दोर, तो जोडायला सॉफ्ट शॅकल (दोराची कडी). आणि हे कान उघडून ऐका: टोबॉलला पट्टा अडकवून गाडी ओढायची नाही. कधीच नाही. बॉल तुटला तर तो तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो, इथे माणसं गेली आहेत त्याने. कंपनीने ट्रकवर गाडी बांधायला जे हूक दिलेले असतात त्यांनाही पट्टा अडकवून ओढायचं नाही. नव्वद टक्के वेळा फावडं, बोर्ड आणि अजून थोडी हवा कमी एवढ्यावर गाडी निघते. विंच मी अजून घेतला नाही, पस्तीस-चाळीस किलो कायम गाडीच्या नाकावर घेऊन फिरायचं वर्षातून एकदा वापरायला, पटत नाही. एकटेच व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत (डोंगराळ भागात) चिखलात जाणार असाल तर वेगळी गोष्ट. तिथले बरेच ट्रॅक जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात, जायच्या आधी बघा.

सस्पेन्शन. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो किती लिफ्ट हवी, म्हणजे गाडी किती उंच करायची, खरं विचारायला पाहिजे कायम किती वजन आहे. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) तुमच्या नेहमीच्या वजनाला जुळणारे घ्या. पाचशे किलो भारासाठीचे पाटे रिकाम्या गाडीला लावले तर गाडी बकरीसारखी उडते आणि ट्रॅक्शन जातं. ४०-५० मिमी लिफ्ट पुरे, त्याच्यावर गेलात की सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सांधे) कोन बिघडतात आणि कायद्याचीही कटकट. लिफ्ट आणि टायर मिळून किती चालतं ते राज्यागणिक बदलतं, तुमच्या राज्याच्या साइटवर वाचा, दुकानदाराच्या 'चलता है' वर जाऊ नका. पाटे आणि चासीच्या मध्ये हवेचे फुगे बसवतात त्याने मागून बसलेली गाडी सरळ दिसते, पण जीव्हीएम एका किलोनेही वाढत नाही, उलट सगळा भार चासीवर एकाच जागी येतो. वाकलेल्या चासींच्या गोष्टींमध्ये हे फुगे फार वेळा भेटतात.

खरंच जीव्हीएम वाढवायचं असेल तर अपग्रेड किट मिळतं, नवीन गाडी घेत असाल तर पहिल्या रजिस्ट्रेशनच्या आधी करून घ्या, ते सगळ्या राज्यांत चालतं. नंतर केलं तर राज्याच्या इंजिनियरचं सर्टिफिकेट लागतं आणि राज्य बदललं की पुन्हा डोकेदुखी. पण लक्षात ठेवा, जीव्हीएम वाढला म्हणून जीसीएम वाढतोच असं नाही. आणि जे काही बदलाल ते इन्शुरन्सवाल्यांना कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच पहिलं बोट ठेवतात.

बुलबार हवा का? संध्याकाळनंतर गावाबाहेर चालवणार असाल तर हवा, कांगारू हा प्राणी कधी कुठल्या बाजूला उडी मारेल हे त्यालाही माहीत नसतं. नाहीतर साधा उपाय, अंधार पडायच्या आत तंबू ठोकायचा. घ्याल तर एअरबॅगशी जुळणारा, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर वजन वाचतं.

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी, धूळ कमी खाते म्हणून चांगलं, पण ते लावलं म्हणजे गाडीची पाणबुडी झाली नाही. हायलक्सची पाण्यात जायची मर्यादा ७०० मिमी, रेंजर आणि डी-मॅक्सची ८००, आणि ती स्नॉर्केलने आपोआप वाढत नाही कारण डिफचे ब्रीदर (हवा जाण्या-येण्याच्या नळ्या), वायरिंग, दारं तिथेच आहेत. ब्रीदर वर घ्या, स्वस्त काम आहे. पाण्यात उतरायच्या आधी पायी जाऊन खोली बघायची असं सगळे सांगतात, पण उत्तरेत गिब रिव्हर रोडवरच्या पेंटेकॉस्टसारख्या नदीत पायी उतरायचं नाही, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. दुसरी गाडी जाईपर्यंत चहा करा.

वीज: आजच्या गाड्यांचा अल्टरनेटर स्मार्ट असतो, दुसरी बॅटरी पूर्ण चार्ज करत नाही, म्हणून दुसरी बॅटरी पूर्ण भरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. शंभर अँपिअर-अवरची लिथियम आणि एक सोलर पॅनल एवढ्यावर फ्रिज आरामात चालतो. लिथियम बॉनेटखाली नको, तिथली उष्णता तिला सोसत नाही. यूएचएफ रेडिओ (गाड्यांमध्ये बोलायचा वॉकीटॉकी) घ्या, हायवेवर ४० नंबर चॅनल ऐका, ट्रक ड्रायव्हर पुढचं सगळं सांगतात. फोनची रेंज बहुतेक आउटबॅकमध्ये नसतेच, म्हणून पीएलबी (संकटात सॅटेलाइटवरून मदत मागणारं छोटं यंत्र) घ्या आणि ॲम्साकडे (ते सिग्नल सांभाळणारी सरकारी संस्था) रजिस्टर करा.

सिम्पसन डेझर्टचं स्वप्न असेल तर डिझेलचं गणित वेगळं मांडा, माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल पाचशेच्या वर किलोमीटर पंप नाही, अकराशेच्या वर वाळूच्या टेकड्या, आणि वाळूत गाडी जवळपास दीडपट पिते. उंच झेंडा लागतो, पलीकडून येणारा दिसत नाही म्हणून. १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतं. स्पिनिफेक्स गवतातून जाताना मधेमधे थांबून खाली वाकून बघा, ते सायलेन्सर आणि डीपीएफपाशी अडकून पेट घेतं, गाड्या जळून राख झाल्यात.

पहिली ट्रिप मात्र लांब नको. गारी, म्हणजे पूर्वीचं फ्रेझर आयलंड, तिथे तीन दिवस जा, परमिट आधी काढा, भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास बीचवर गाडी घालू नका, आणि आल्यावर खालून गोड्या पाण्याने भरपूर धुवा. परत आलात की जे सामान डब्यातून बाहेरच निघालं नाही ते घरी ठेवा, माझं तेव्हा पंचेचाळीस किलो निघालं, त्यात दोन कुऱ्हाडी होत्या, का ते विचारू नका. मग सगळं पुन्हा भरून, टाकी फुल करून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा मोजून घ्या. आणि नवे पाटे घातले असतील तर हजार किलोमीटरच्या आत यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे) परत आवळून घ्या, दुकानदार सांगतो पण कुणी जात नाही.