घरी व्हेगन ब्रेड करताय किंवा विकत आणताय? मग या चुका टाळा

ब्रेड फसला की खापर लगेच व्हेगनपणावर, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच न घालण्यावर, फुटतं. "दूध नाही, बटर नाही, अंडं नाही, मग असाच होणार ना" असं घरात कोणीतरी म्हणतंच, आणि नुकतंच दूध सोडलेलं माणूस ते खरं मानून गप्प बसतं. मला हे फार खटकतं, कारण ब्रेड मुळात पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ एवढ्यावरच होतो. गोव्यातली पोई घ्या, गव्हाचं पीठ, वरून कोंडा, पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, वापरायचे आता बहुतेक ठिकाणी यीस्ट, आणि सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, ती दारात आणून देतो. त्यात दूध कुठेच नाही आणि तरी गरम पोई हातात घेतली की आत पोकळ, मऊ, छान असते. म्हणून ब्रेड बिघडला तर आधी पीठ, पाणी, वेळ आणि भट्टी बघायची, दुधाचा विचार सगळ्यात शेवटी.

विकत घेताना

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे हिरवा ठिपका बघून पाकीट उचलणं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हेगन नव्हे. त्यात दूध, व्हे (दुधाची निवळी), तूप, मध सगळं चालतं. "प्युअर व्हेज" आणि "एगलेस" या पाट्यांचंही तेच, उलट एगलेस पदार्थांमध्ये अंड्याची जागा भरायला दही नाहीतर कंडेन्स्ड मिल्क घातलेलं असायची शक्यता जास्त. एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०२२ मध्ये व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम केलेत आणि त्यांचा वेगळा लोगो आहे, हिरवा व्ही आणि त्याला पान. तो दिसला तर प्रश्नच मिटला, नाही दिसला तर पाकीट उलटं करून घटक वाचायचे.

आता यात एक चांगली गोष्ट आहे जी परदेशी व्हिडिओ बघून घाबरलेल्या लोकांना कोणी सांगत नाही. तिकडे सांगतात की लेबलवर ४७१, ४८१ अशा नंबरांनी लिहिलेले इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ) प्राण्यांच्या चरबीचे असू शकतात, ९२० म्हणजे एल-सिस्टीन पिसांपासून काढलेलं असू शकतं, आणि ते खरंच आहे. पण आपल्याकडे दूध, मध आणि मेण-लाखेसारख्या एकदोन गोष्टी सोडल्या तर प्राण्यापासून आलेलं काहीही असेल तर हिरवा ठिपका लावताच येत नाही, अंडं असलं तरी तपकिरी खूण लावावी लागते. म्हणजे हिरवा ठिपका असलेल्या ब्रेडमध्ये तुम्हाला शोधायचंय ते फक्त दूध आणि मध. यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन (दुधातलं प्रोटीन), बटर, हनी यातलं काही आहे का एवढंच बघा. मल्टिग्रेन ब्रेडमध्ये मध सापडायची शक्यता जास्त, तिथे नीट वाचा. सोडियम स्टिअरॉईल लॅक्टिलेट वाचून दचकू नका, ते दुधाचं नसतं. आणि शेवटी ॲलर्जीची ओळ असते ती सोडू नका, "कंटेन्स मिल्क" म्हणजे दूध आहेच, "मे कंटेन मिल्क" म्हणजे त्याच कारखान्यात किंवा मशीनवर दुधाचंही काही होतं, ते चालवायचं की नाही तुम्ही ठरवा, पण घरात कोणाला दुधाची ॲलर्जी असेल तर तो ब्रेड घेऊच नका.

ब्राऊन ब्रेडबद्दल पण सांगते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिला शब्द मैदा असेल आणि खाली कुठेतरी कॅरमल कलर किंवा १५० लिहिलं असेल तर तो रंग गव्हाचा नाही. व्हेगन आहे म्हणून पौष्टिक आहे असं काही नसतं.

कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या सुट्या पावाला लेबल नसतं, तिथे विचारावंच लागतं. "पाव व्हेगन आहे का" असं विचारलंत तर समोरचा हो म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा "दादा, पिठात दूध पावडर घालता का? भाजल्यावर लादीवर वरून काय लावता? ट्रेला काय लावता?" असं एकेक विचारा. लादीपावात पुष्कळदा गडबड पिठात नसते, वरच्या चकाकीत असते, बटर किंवा मार्जरिन ब्रशने फिरवलेलं असतं. मार्जरिन वनस्पती तेलाचं असतं खरं, पण काही मार्जरिनमध्ये मिल्क सॉलिड्स असतात म्हणून डब्यावरचं लेबल बघायला मागा, ओळखीचा बेकरीवाला दाखवतो. इराणी कॅफेतला कडक ब्रून पाव बऱ्याच ठिकाणी साधा असतो, फक्त मस्का नको म्हणून आधीच सांगायचं. नान, कुलचा, भटुरा मात्र न विचारता खाऊ नका, पीठ दह्यात भिजवायची पद्धत सर्रास आहे.

साखरेची चिंता बऱ्याच जणांना असते, हाडांच्या कोळशाने साफ करतात वगैरे. अमेरिकेत ती भीती खरी आहे, आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने साफ करतात. आणि यीस्ट ही बुरशी आहे, प्राणी नाही, व्हेगन लोक ती खातात.

पीठ मळताना

आपला हात पोळीच्या कणकेवर बसलेला असतो आणि इथेच घोळ होतो. मैदा हाताला चिकटला की आपण सवयीने वरून कोरडं पीठ भुरभुरवतो, परत चिकटलं की परत, आणि बघता बघता गोळा पोळीच्या कणकेसारखा घट्ट होतो. असला ब्रेड फुगत नाही, फुगला तरी दुसऱ्या दिवशी भुगा पडतो. ब्रेडचं पीठ सैलच हवं. ३०० ग्रॅम मैद्याला साधारण १९० ते २०० मिली पाणी लागतं, सुरुवातीला ते चिकट आणि गचगचीत वाटणारच, पीठ न घालता दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा, तेलाचा हात लावला तरी चालेल. आठ-दहा मिनिटांत ते स्वतःहून ओट्याला चिकटायचं थांबतं. छोटा तुकडा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा, न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा झाला की मळून झालं. मधेच फाटला तर अजून मळा.

मोजायला वाटी वापरू नका प्लीज, साधा किचनचा वजनकाटा घ्या. दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यात एवढा फरक पडतो की पाण्याचं सगळं गणितच चुकतं.

गव्हाच्या पिठाचं वेगळं. चक्कीवर दळलेलं पीठ पाणी खूप पितं, ३०० ग्रॅमला २१० ते २३० मिलीपर्यंत जातं, आणि कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या ताणल्या जाणाऱ्या प्रोटीनचे, धागे कापत राहतो. यीस्ट आणि मीठ घालायच्या आधी नुसतं पीठ-पाणी कालवून अर्धा तास ठेवलं की कोंडा भिजून मऊ होतो आणि ब्रेड नक्की हलका होतो. लोकवनचा ब्रेड ठीक होतो, पण पौष्टिक म्हणून पूर्ण खपलीचा ब्रेड करायला जाऊ नका, खपलीचं ग्लुटेन कमजोर असतं, ब्रेड पसरतो आणि बसतो. खपली घालायचीच तर पाव हिस्सा घाला, बाकी मैदा किंवा साधा गहू.

दूध-बटर काढून काय घालायचं

रेसिपीत २०० मिली दूध आहे म्हणून २०० मिली पाणी ओतलं तर पीठ पातळ होतं, कारण दुधात पाणी साधारण ८७ टक्केच असतं. १७५-१८० मिली पाणी घ्या आणि चमचाभर तेल वाढवा. बटरचंही तसंच, त्यात फॅट ८० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ५० ग्रॅम बटरच्या जागी ४० ग्रॅम तेल पुरतं. खोबरेल वापरत असाल तर ते साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं हे लक्षात ठेवा, पुण्यात डिसेंबरात गार पाण्याने पीठ भिजवलं तर त्याच्या गुठळ्या होतात.

दुसरी चूक अतिउत्साहाची. अंडं नाही म्हणून जवसाची पूड भिजवून घालायची, दही नाही म्हणून व्हिनेगर, शिवाय सोडा, शिवाय केळं. साध्या सँडविच ब्रेडला आणि पावाला अंडं लागतच नाही, मग त्याला पर्याय कशाला? जवसाने ब्रेड जड आणि ओलसर होतो. जवस ठेवा केक-मफिनसाठी.

मऊपणा हवा असेल तर एक पद्धत मी जीव तोडून सांगते, जपान-तैवानकडची आहे पण आपल्याला अगदी ओळखीची वाटेल कारण ती म्हणजे मैद्याची उकडच. ३०० ग्रॅममधला २० ग्रॅम मैदा बाजूला काढा, त्यात १०० मिली पाणी घालून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत चमचा फिरवला की तळाला रेघ उमटते आणि क्षणभर तशीच राहते, तिथेच गॅस बंद. ही खळ पूर्ण गार होऊ द्या, मग उरलेला २८० ग्रॅम मैदा, ९० ते १०० मिली पाणी, १ चमचा इन्स्टंट यीस्ट, १ चमचा मीठ, १ मोठा चमचा साखर, दीड मोठा चमचा तेल असं सगळं एकत्र मळा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो त्यामुळे हा ब्रेड तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. दूध घातलेल्या ब्रेडशेजारी ठेवून घरच्यांना खायला द्या आणि मग विचारा.

फुगवताना

"एक तास ठेवा" हे वाचून घड्याळ लावणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तो एक तास कुठला? नागपूरच्या मे महिन्यात पीठ अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊन पुढे जातं, तिथे फ्रीजमधलं गार पाणी वापरा आणि यीस्ट कमी करा. पुण्या-नाशकात थंडीत त्याच पिठाला अडीच-तीन तासही लागतात, तेव्हा बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवून पीठ आत ठेवा. पावसाळ्यात यीस्टचं पाकीट उघडं राहिलं की दमटपणाने ते मरतं, हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. शंका असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर घालून बघा, दहा मिनिटांत फेस आला नाही तर टाकून द्या. पाणी कोमट म्हणजे बोटाला जेमतेम ऊबदार, ५५-६० अंशाच्या पाण्यात यीस्ट मरतं.

टिनमध्ये दुसऱ्यांदा फुगवल्यावर ओल्या बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय. उशीर झालेला ब्रेड ओव्हनमध्ये मधे खचतो, वर सुरकुत्या पडतात, वास आंबूस येतो आणि रंग फिका राहतो कारण यीस्टने साखर खाऊन टाकलेली असते. बेक करायच्या आधीच कळलं तर गोळा दाबून हवा काढा, परत आकार द्या, परत फुगू द्या. याउलट घाई झालेला ब्रेड एका बाजूने फाटतो आणि आतून घट्ट राहतो.

भाजताना आणि नंतर

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, निदान १५ मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड लावून १९० अंश, आधी सांगितलेल्या ३०० ग्रॅम मैद्याच्या, साधारण ८ बाय ४ इंचाच्या ब्रेडला ३० ते ३५ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड अगदी जवळ असतो, रंग आला की वर फॉइल टाका, पण बाहेर काढायची घाई नको. टिनमधून काढून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा.

व्हेगन ब्रेडला रंग येत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. दुधातली साखर आणि प्रोटीन रंग आणतात, ते इथे नसतात. बिनसाखरेचं सोया दूध ब्रशने लावा, त्यात प्रोटीन दुधाच्या जवळपास असतं, खोक्यातल्या बदाम दुधाने तेवढा रंग येत नाही कारण ते बहुतांशी पाणीच असतं. चकाकीसाठी काबुली चणे उकडलेलं पाणी आटवून लावलं तरी छान चमक येते, पण चण्यात मीठ किंवा चहापत्ती घातलेली नसावी. पाव असेल तर बाहेर काढल्या काढल्या तेल लावा आणि कापडाने झाका.

गरम ब्रेड कापू नका, आतला स्टार्च बसायचा असतो, सुरीला चिकटतो आणि ब्रेड कच्चा राहिला असं वाटतं. निदान तासभर जाळीवर ठेवा, ताटात ठेवला तर बूड ओलं होतं. ठेवायला फ्रीज नको, तिथे ब्रेड लवकर शिळा आणि कोरडा होतो. दोन दिवसांत संपणार असेल तर कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तेवढाही टिकेल याची खात्री नाही, तिथे पूर्ण गार झाल्यावर स्लाइस करून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तेवढ्या स्लाइस तशाच थेट तव्यावर मंद आचेवर गरम करा.