मालगाडीचे हिवाळी फोटो: दिवसा आणि रात्री या चुका टाळा

प्रवासी गाडी हुकली तर उद्या त्याच वेळेला पुन्हा येईल, मालगाडीचा तसा भरवसा नाही. कधी दोन-दोन तास रूळ सुने पडलेले असतात आणि मग पाठोपाठ दोन गाड्या निघून जातात. इतका वेळ कुडकुडत उभं राहिल्यावर हाती येते जेमतेम मिनिटभराची संधी, आणि ती वाया जाते ती बहुतेक वेळा गाडी यायच्या आधीच केलेल्या चुकांमुळे.

दिवसा: बर्फ राखाडी का येतो?

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतं. चौकटीत पांढराशुभ्र बर्फ भरला की त्याला उजेड जास्त वाटतो आणि ते फोटो काळवंडून टाकतं. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड वाढवायची-कमी करायची सोय, +1 पासून सुरू करा. लख्ख उन्हातल्या बर्फाला +1.5 ते +2 सुद्धा लागतं.

खरी गोची त्यानंतर होते. गाडी जवळ येते, गडद रंगाचं इंजिन चौकट व्यापतं, हेडलाइट थेट लेन्समध्ये येतो आणि मीटर दर फोटोला मत बदलतं. एकाच बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून घेतलेल्या सलग फोटोंत, एक फोटो पांढराफटक, पुढचा काळा. यावर उपाय एकच: रिकाम्या रुळांचा चाचणी फोटो आधी घ्या, हिस्टोग्राम (फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) पाहा, तो उजवीकडे झुकलेला पण कडेला न आपटणारा ठेवा आणि ते आकडे मॅन्युअलवर पक्के करा, म्हणजे कॅमेरा ते आपोआप बदलणार नाही. मागच्या स्क्रीनवर विसंबू नका. बर्फाच्या झळाळीत ती अंधूक दिसते, रात्री तीच उजळ भासते, आणि दोन्ही वेळा अंदाज चुकतो.

शटर किती वेळ उघडं राहणार याचा हिशोब आधीच मनात करून ठेवावा. ताशी 60 किमीने धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. म्हणजे 1/250 सेकंदात ती साडेसहा सेंटिमीटर सरकते, 1/1000 मध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. बाजूने फोटो घेताना इंजिनावरचा नंबर वाचता यायला हवा असेल, तर 1/1000 च्या खाली उतरू नका. समोरून येणाऱ्या गाडीला 1/500 बहुधा पुरतं. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बंदच ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने वाघिणींच्या (मालाच्या डब्यांच्या) उभ्या कडा तिरक्या होतात.

बर्फ पडत असेल तर ऑटोफोकस जवळच्या भुरभुरीवर अडकतो. गाडी जिथे टिपायची तिथल्या रुळावर किंवा खांबावर आधीच फोकस लावून मॅन्युअल करा.

थंडीची कारस्थानं

बॅटरी निम्मी भरलेली दाखवत असताना कॅमेरा अचानक मिटतो. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

परतल्यावरची चूक त्याहून महागात पडते. गार कॅमेरा उबदार खोलीत उघडा ठेवला की त्यावर, आणि कधी आतही, पाणी धरतं. बाहेर असतानाच तो हवाबंद पिशवीत घाला आणि दोन तास पिशवी उघडू नका. फोटो पाहायची घाई असेल तर मेमरी कार्ड तेवढं आधीच काढून घ्या.

रात्री

रात्रीच्या फोटोतला सगळ्यात मोठा घोटाळा हेडलाइटचा. अंधारात शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागतं; ते उघडं असताना गाडी तोंड वळवून थेट लेन्सकडे आली, तर दोन-तीन सेकंदांत सगळी चौकट पांढरी होते. म्हणून रुळांपासून लांब, बाजूची जागा निवडा. हेडलाइट लेन्सकडे वळायच्या आत शटर मिटा, नाहीतर काळं कार्ड लेन्ससमोर धरा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, नाहीतर दिव्याचं हिरवट भूत चौकटीत तरंगत राहतं.

किलोमीटरभर लांबीची गाडी ताशी 60 ने जायला पूर्ण एक मिनिट घेते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांचं ठरलेलं शटर 30 सेकंदांवर थांबतं. तेव्हा हवा तितका वेळ शटर उघडं ठेवणारा बल्ब मोड आणि रिमोट लागतोच. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांबलेल्या फोटोतले ठिपके काढायची सोय) बंद करा. ते चालू असेल तर मिनिटभराच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी मिनिटभर अडकून राहतो, आणि दुसरी गाडी नेमकी तेव्हाच येते.

फोकस रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. लांबचा सिग्नल लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवरच्या थेट दृश्यात, मोठा करून फोकस लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. एवढं करून चाळीस मिनिटं थांबलात आणि सगळे फोटो दुधाळ आले, तर लेन्सच्या काचेवर बोट न लावता टॉर्च तिरकी धरून पाहा: बारीक दव दिसेल. लेन्सभोवती रबरबँडने हात गरम ठेवायची पुडी बांधली की दव धरत नाही. ट्रायपॉडचे पाय भुसभुशीत बर्फात हळूहळू रुततात, म्हणून आधीच दाबून घट्ट बसवा.

फ्लॅशचा मोह टाळा. अमेरिकेत छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी 1955 ते 1960 या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री डझनावारी फ्लॅशबल्ब एकदम पेटवून टिपली, पण रेल्वेच्या सहकार्याने. विनापरवानगी, अचानक लखलखाट झाला तर चालकाचे डोळे दिपतात.

आवाजाचा भरवसा नको

ताजा बर्फ आवाज गिळतो आणि विजेवरचं इंजिन मुळातच गुपचूप येतं. भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं. रेल्वेच्या हद्दीबाहेरच उभे राहा. समोरून गाडी जात असताना शेजारच्या रुळावरची दुसरी ऐकूच येत नाही. कोणत्याही फोटोसाठी रुळावर उतरू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आणि इंजिन गेलं की कॅमेरा खाली ठेवू नका. मालगाडी म्हणजे तिच्या वाघिणी: पत्र्यावर साचलेला बर्फ, दोन वाघिणींच्या फटीतून येणारा तिरपा सूर्य, वेगाने उडालेला पांढरा भुरका. शेवटची वाघीण गेल्यावर तो भुरका दहा-पंधरा सेकंद रुळांवर रेंगाळतो आणि लांब जाणारा लाल दिवा त्यातून दिसत राहतो. तेवढा वेळ शटरवरचं बोट उचलू नका.