जुळे सोलापुरात राहायला येताय? आधी हौद बघा

भाड्याने घर बघायला याल तेव्हा खोल्या, फरशी, बाल्कनी हे सगळं नंतर. आधी हौदाचं झाकण उघडून आत वाकून बघा. किती लिटरचा आहे ते घरमालक सांगेलच. तळाला गाळ किती आणि भिंतीला कुठे भेग गेलीय का, ते तुम्ही बघायचं. उजनीचं पाणी १०० किलोमीटरहून लांबून येतं आणि आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी सुटतं. मध्येच कुठे पाइप फुटला तर सहावा दिवसही उजाडतो.

माझ्या हौदाशेजारी एक बांबूची काठी असते. तिच्यावर सासूबाईंनी सुरीने पाच खाचा पाडल्यात. एक खाच म्हणजे आमच्या पाच माणसांचा एक दिवस. सकाळी काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि मग ठरवायचं, आज चादरी भिजवायच्या की नाही. सोलापुरी चादर किती पाणी पिते, ते धुणाऱ्यालाच माहीत! तुम्हीही अशी काठी कराच.

पाणी सुटलं की सुरुवातीला गढूळ येतं. ते बादल्यांत धरून झाडांना, अंगणाला वापरा. मग नळाला दुपदरी सुती फडकं बांधा, आधी पिण्याचं भरून घ्या आणि नंतर हौदात सोडा. नळाला थेट मोटार मात्र लावू नका. गल्लीच्या टोकाला एक म्हातारं जोडपं राहतं. अलीकडच्या कुणी मोटार लावली की त्यांच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. दोनदा मी स्वतः त्यांच्याकडे घागरी नेऊन दिल्यात, म्हणून हात जोडून सांगते.

आता कामावर जाण्याचं. मी नवी पेठेत एका दुकानात हिशेब बघते. आसरा पुलावरून सात रस्ता, तिथून पुढे. पुलावर एकदा गर्दी झाली की पायाने गाडी रेटत जावं लागतं, म्हणून मी नऊच्या आतच घर सोडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. तोंडाला स्कार्फ हवाच, आणि डिकीत एक जाड फडकं ठेवा. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर तसंच बसवत नाही. डब्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, उन्हाळ्यातही विटत नाही.

१३ ते १५ जानेवारीला गावात गाडी घालायचा बेत करू नका. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. १३ ला सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, १४ ला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तो उंच नंदीध्वज पेलत येतात, तेव्हा रस्ता त्यांचाच. मी अक्षतेला रजा टाकते आणि चालत जाते. नवीन असाल तर पहिल्याच वर्षी या.

आणि घरातली सगळीच माणसं दिवसभर बाहेर असतील, तर गेटची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा. समोरच्या काकूंकडे माझी असते. दुपारी त्यांचा फोन येतो, "पाणी सुटलंय वो, तुमचा नळ सोडलाय, फडकं पण बांधलंय." संध्याकाळी येताना मी त्यांच्या देवासाठी फुलं घेऊन येते.