गाडीच्या फोटोची पार्श्वभूमी खरी वाटेल अशी कशी बदलावी
नवी पार्श्वभूमी निवडताना आधी मूळ फोटोतील क्षितिजरेषेची उंची आणि प्रकाशाची दिशा पाहावी, कारण या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. गाडीची कड फोटोशॉपसारख्या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमधील पेन टूलने (बिंदू जोडून बाह्यरेषा आखण्याचे साधन) १ ते २ पिक्सेल आतून कापावी. काचांमधून दिसणारे जुने दृश्य काढून तेथे नवे दृश्य काचेच्या छटेसह बसवावे. खरी कसोटी सावलीची असते: टायर जमिनीला टेकतो तेथे ती अरुंद आणि जवळजवळ काळी असते, तर बाहेरच्या बाजूला मऊ व फिकट होत जाते, म्हणून मल्टिप्लाय मोडमध्ये (ज्यात वरचा थर खालचे चित्र गडद करतो) तिचे दोन स्वतंत्र लेयर, म्हणजे थर, करावेत. बॉनेटवर जुन्या झाडांचे प्रतिबिंब राहिले असेल, तर तेही पुसावे. माझ्या मते बहुतेकांचे काम इथेच उघडे पडते.