गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी सिद्धांत दीर्घिकेवर कसा तपासावा

दीर्घिकेच्या कडेचा वायू दिसणाऱ्या द्रव्याच्या हिशोबापेक्षा फार जोरात फिरतो. व्हेरा रुबिन, केंट फोर्ड आणि आल्बर्ट बॉस्मा यांच्या १९७०च्या दशकातल्या मोजमापांनंतर ही गोष्ट नाकारता येईना. मग एक तर तिथे न दिसणारं द्रव्य (कृष्णद्रव्य) आहे, किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियम तिथे वेगळा चालतो. दुसऱ्या वाटेने जाणारे सिद्धांत शेकड्याने मांडले जातात आणि त्यांवर नुसता शब्दांनी वाद होतो. खरं तर एक साधी स्प्रेडशीट आणि एक संध्याकाळ हाताशी असेल, तर त्यांतला कोणताही सिद्धांत खऱ्या आकड्यांवर घासून पाहता येतो.

सिद्धांताकडून आधी एकच गोष्ट मागा: दिसणाऱ्या द्रव्यामुळे न्यूटनच्या नियमाने येणारं त्वरण दिलं, तर तुमच्या नियमाने किती त्वरण येतं? याचं सूत्र, एककांसकट. ते नसेल तर तपासायला काही नाही. इथेच बरेच सिद्धांत गळतात. उदाहरणार्थ, भौतिकशास्त्रज्ञ ल साजने अठराव्या शतकात मांडलेली सावलीची कल्पना: सगळीकडून सूक्ष्म कण आदळतात आणि दोन वस्तू एकमेकींवर सावली धरतात, म्हणून त्या जवळ ढकलल्या जातात. यातून अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातला नियम येतो, पण तो न्यूटनचाच. म्हणजे दीर्घिकेचं कोडं होतं तिथेच राहतं. वर ते कण ग्रहांना घर्षणही करणार आणि त्यांना तापवणार, ही अडचण वेगळीच.

दुसरी चाळणी सूर्यमालेची. पृथ्वीच्या कक्षेत सूर्यामुळे येणारं त्वरण सुमारे ०.००५९ मी/से² आहे. तिथे नवा नियम न्यूटन-आइन्स्टाइनच्या नियमाशी जुळलाच पाहिजे. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये माखच्या तत्त्वावर (वस्तूचं जडत्व विश्वातल्या इतर द्रव्यामुळे येतं, या कल्पनेवर) उभा केलेला सिद्धांत या बाबतीत नमुना म्हणून पाहावा. त्याचा पाया पूर्ण वेगळा आहे, पण योग्य मर्यादेत त्यातून आइन्स्टाइनची समीकरणं परत मिळतात.

आता प्रत्यक्ष तपासणी. उदाहरणाला भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोमचा १९८३ मधला ‘मॉन्ड’ (फार मंद त्वरणाला न्यूटनचा नियम बदलणारा सिद्धांत) घेऊ, कारण त्याचं सूत्र स्पष्ट आहे. त्यात एकच नवा स्थिरांक आहे: १.२ × १०⁻¹⁰ मी/से². दीर्घिकांच्या सोयीच्या एककात हा सुमारे ३७०० (किमी/से)² प्रति किलोपार्सेक होतो (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३२६० प्रकाशवर्षं). हाच आकडा वापरा, म्हणजे मीटर-किलोपार्सेकच्या रूपांतरात शून्यं हरवणार नाहीत.

माहितीसाठी ‘स्पार्क’ (SPARC) हा मोफत संच उतरवून घ्या. त्यात १७५ दीर्घिका आहेत. ताऱ्यांचं तेज स्पिट्झर दुर्बिणीने ३.६ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात मोजलेलं आहे आणि वायू हायड्रोजनच्या २१ सेंमी लहरींवरून. (नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही याच लहरी टिपल्या जातात.) सुरुवातीला एनजीसी ३१९८ ही दीर्घिका घ्या: तिचा भ्रमणवक्र (त्रिज्येनुसार वेगाचा आलेख) कडेला १५० किमी/से.च्या आसपास लांबवर सपाट राहतो. फाइलमधले पहिले सहा स्तंभ क्रमाने असे: त्रिज्या, मोजलेला वेग, त्याची त्रुटी, वायूचा वेग, ताऱ्यांच्या तबकडीचा वेग, ताऱ्यांच्या मधल्या फुगवट्याचा वेग. शेवटचे तीन म्हणजे त्या-त्या घटकाने एकट्याने दिला असता तो वेग.

आता वेगांचे वर्ग जोडा. तबकडी आणि फुगवटा यांचे आकडे वस्तुमान-तेज गुणोत्तर (ताऱ्यांच्या दर एकक तेजामागे किती वस्तुमान, सूर्याच्या मापात) १ धरून दिलेले असतात. म्हणून तबकडीच्या वर्गाला ०.५ आणि फुगवट्याच्या वर्गाला ०.७ ने गुणा. हे गुणायचं राहिलं की ताऱ्यांचं वस्तुमान फुगतं आणि बऱ्याच तेजस्वी दीर्घिकांचे आतले भाग ‘कृष्णद्रव्याशिवायच’ जुळल्यासारखे दिसू लागतात. नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. वायूच्या स्तंभात केंद्राजवळ कधी ऋण आकडा दिसेल. ती छापाची चूक नव्हे: मधोमध वायू कमी असेल, तर बाहेरचा वायू बाहेरच ओढतो. वर्ग करताना ते ऋण चिन्ह राखा, म्हणजे वेग गुणिले त्याचं निरपेक्ष मूल्य. हेलियमचा वाटा वायूत आधीच धरलेला आहे, तो परत मिळवू नका.

एक बिंदू हाताने करून पाहा. समजा त्रिज्या २० किलोपार्सेक, वायू ५०, तबकडी १२०, फुगवटा नाही. वर्गांची बेरीज २५०० + ७२०० = ९७००. न्यूटनप्रमाणे वेग ९८ किमी/से. त्वरण ९७०० ÷ २० = ४८५. आता सूत्र:

नवं त्वरण = न ÷ (१ − ई^(−√(न ÷ ३७००)))

इथे न म्हणजे न्यूटनचं त्वरण आणि ई म्हणजे २.७१८. वर्गमूळ ०.३६२ येतं, कंस ०.३०४, नवं त्वरण सुमारे १५९६. त्याला २० ने गुणून वर्गमूळ काढा: १७९ किमी/से. बरेच जण थेट √(न × ३७००) वापरतात. ते सूत्र अगदी मंद त्वरणासाठीच आहे. इथे त्याने १६४ आले असते, आणि हा १५ किमी/से.चा फरक मोजमापाच्या त्रुटीपेक्षा सहज मोठा ठरतो.

सगळ्या त्रिज्यांवर हेच करा आणि मोजलेला वेग व काढलेला वेग एकाच आलेखावर मांडा. चुकला म्हणून सिद्धांत लगेच फेकू नका आणि जुळला म्हणून नाचूही नका. आधी दीर्घिकेचा कल (तिची तबकडी आपल्या नजरेला किती तिरकी आहे तो कोन) बघा. दिसलेला वेग कलाच्या ज्येने (साइनने) भागून खरा वेग मिळतो. कल ३० अंश धरला आणि तो खरा ३५ असला, तर वेग सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो. मॉन्डमध्ये वस्तुमान वेगाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने तिथे चूक ७० टक्क्यांवर जाते. म्हणून ३० अंशांखालच्या दीर्घिका आणि संचात गुणवत्ता ३ (सर्वांत खालची) असलेल्या दीर्घिका सरळ वगळा. अंतराची चूक मात्र वेगळी वागते: अंतर बदललं तरी दिसणाऱ्या द्रव्याचं त्वरण तेवढंच राहतं, फक्त मोजलेलं त्वरण बदलतं. सगळे बिंदू एकाच प्रमाणात वर किंवा खाली सरकले असतील, तर संशय आधी अंतरावर घ्या. केंद्राजवळचे एक-दोन बिंदूच बिघडले असतील, तर ताऱ्यांचा मधला दांडा किंवा दुर्बिणीचा अस्पष्टपणा पाहा.

मग येतात मोकळ्या किल्ल्या, म्हणजे जुळवण्यासाठी हवे तसे फिरवता येणारे आकडे, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो. कृष्णद्रव्याच्या नेहमीच्या प्रतिमानात प्रत्येक दीर्घिकेला दोन आकडे मोकळे असतात. मॉन्डमध्ये ३७०० हा सर्वांना एकच. तुमचा सिद्धांत प्रत्येक दीर्घिकेसाठी स्थिरांक बदलत असेल, तर तो भाकीत करत नाही, फक्त वक्राला रेघ जुळवतो. किमान वीस दीर्घिका घ्या, त्यांत अंधुक आणि वायूने भरलेल्या अवश्य ठेवा. तिथे ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या अंदाजाची जवळपास गरजच पडत नाही, त्यामुळे लपायला जागा उरत नाही.

दीर्घिका जमल्या तरी पुढे तीन जागा आहेत. दीर्घिका-समूहांत मॉन्डलाही दिसणारं वस्तुमान कमी पडतं, सुमारे दुप्पट लागतं. बुलेट समूहात (एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिका-समूहांत) गुरुत्वीय भिंगाचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकवण्याचं, केंद्र उष्ण वायूपासून सरकलेलं आहे, ते समजावता यायला हवं. आणि १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण यांत फक्त १.७ सेकंदांचा फरक होता. तुमच्या सिद्धांतात या दोघांचे वेग वेगळे येत असतील, तर भ्रमणवक्र कितीही सुंदर जुळले तरी तो सोडावा लागेल. बेकेनस्टाइनने २००४ मध्ये मॉन्डला दिलेलं सापेक्षतावादी रूपही मूळ स्वरूपात या कसोटीवर टिकलं नाही.