टीओसीतल्या बाणाखाली काय लिहाल?

थिअरी ऑफ चेंज, म्हणजे टीओसी: आपल्या कामातून बदल कसा घडेल, याची आकृती. याहून जास्त इथे सांगत बसत नाही. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून आलेल्यांना पाठ असतं: डावीकडे उपक्रम, उजवीकडे बदल, मध्ये चौकटी आणि बाण. मीही पाठ करूनच पहिल्या नोकरीला लागले. ऑफिस ठाण्यात, काम ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका वस्तीत. आठवी ते दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळी पाच ते साडेसहा अभ्यासिका.

प्रपोजल दोन दिवसांत हवं होतं. मी जुनी आकृती उचलली आणि नावं बदलली. अभ्यासिका सुरू, मग मुली नियमित येतात, मग गणित सुधारतं, मग दहावीनंतर शिक्षण चालू राहतं. फंडर खूश. वर्षाने एंडलाइन, म्हणजे शेवटची पाहणी, केली तर गणिताचे गुण होते तिथेच. सरांनी विचारलं, "शिकवणं कमी पडलं, की पोरींपर्यंत पोचलंच नाही?" मी गप्प. मस्टरवर तर हजेरी चांगली दिसत होती.

उत्तर मिळालं अभ्यासिका झाडणाऱ्या ताईंकडून, तेही चहा पिताना. "मॅडम, साडेपाचला पाणी येतं. पोरी सही करतात नि हंडे घेऊन पळतात. सव्वासहाला येतात परत, तोवर गणित संपलेलं असतं." पाचलाच गणित का, तर शिकवणाऱ्या मुलाला पुढे पनवेलची लोकल धरायची असायची. अख्ख्या वस्तीला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या आकृतीत नव्हती.

इथे जरा थांबते, कारण मी नेमकी इथेच आपटले. 'मुली येतात' आणि 'गणित सुधारतं' यांच्यामध्ये मी एक बाण काढला होता, आणि त्या बाणाच्या पोटात तीन गृहीतकं लपली होती: मुली पूर्ण वेळ बसतात, त्या वेळी घरचं काम नसतं, घरून त्यांना बसू देतात. एकही लिहिलं नव्हतं, म्हणून एकही तपासलं नाही. मोजली काय, तर सही. मूल्यमापनाच्या अमेरिकन अभ्यासक कॅरोल वाइस यांनी १९७० च्या दशकातच हा फरक मांडला होता: कार्यक्रम राबवण्यात चुकलो की मुळात कल्पनाच चुकली, हे वेगळं करता आलं पाहिजे. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं लिहिलं होतं.

आता प्रत्येक बाणाखाली एक ओळ लिहिते: 'हे खरं असेल तरच...' आणि पुढे, हे कोणाला माहीत असेल. बहुतेक वेळा उत्तर ऑफिसात नसतं. वाशीतल्या एसी हॉलमध्ये दिवसभराच्या वर्कशॉपात टीओसी 'बनवून देणारे' सल्लागार मला म्हणूनच आवडत नाहीत. चिकटचिठ्ठ्या रंगीत असतात, पण नळाला पाणी कधी येतं हे त्यांना कोण सांगणार? आणि नेटवरून टेम्प्लेट उतरवणार असाल तर सरळ सांगते, नका उतरवू. लॉगफ्रेम, म्हणजे उद्दिष्टं नि निर्देशकांचा तक्ता, भरून त्यालाच टीओसी म्हणू नका. त्यात गृहीतकांना एक रकाना असतो, आणि तो सगळे शेवटी, घाईत भरतात.

बाहेरचं कोणी येऊन चूक दाखवेल, या भरवशावरही राहू नका. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) २०२१ च्या नियमांनुसार त्रयस्थ संस्थेकडून प्रभाव मूल्यमापन सक्तीचं आहे ते मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना. आपली कामं लाखांतली. आपणच आपल्याला विचारायचं.

घाबरू मात्र नका. पहिली आकृती चुकतेच, ती खोडायलाच असते. आम्ही अभ्यासिका लांबवून गणिताची वेळ पुढे ढकलली, आणि त्यासाठी शिक्षक नवा घेतला. आता साडेसहाला गणित सुरू होतं, आणि मस्टरवर आल्याची नि गेल्याची वेळ असे दोन रकाने आहेत. सहामाहीत थोडा फरक दिसला. पाण्यामुळे की नव्या शिक्षकामुळे, ते सांगता येत नाही, आणि रिपोर्टात तसंच लिहिलं.

शेवटचा बाण, दहावीतून अकरावीकडे जाणारा, अजून रिकामा आहे. खाली पेन्सिलीने एवढंच लिहिलंय: 'कॉलेज वस्तीबाहेर. संध्याकाळी सोबत कोण?' शनिवारी आयांची बैठक आहे, तिथे विचारणार आहे.