काळ्या रानात पाणी का मुरत नाही? क्षारपड जमीन सुधारताना या चुका टाळा

कृष्णा-वारणेच्या काठच्या ऊसपट्ट्यात रान चोपण, म्हणजे सोडियम वाढून पाणी न मुरणारं, व्हायला लागलं की पाणी दोन-दोन दिवस वरच तुंबून राहतं. मग शेतकरी खोल नांगरट करतो, कुणी वाळू टाकायला सांगतं, कुणी जिप्समची (कॅल्शियम सल्फेटची) चार पोती. पैसा जातो आणि रान तसंच राहतं. माती म्हणजे चाळण, छिद्रं मोठी केली की पाणी उतरेल, असं आपण धरून चालतो. काळ्या मातीत मात्र पाण्याची वाट मोकळी राहणार की बुजणार, हे चिकणमातीच्या कणांना कोणता आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, चिकटलाय त्यावर ठरतं.

काळ्या मातीतलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. एकेक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे दहा लाख थर रचले तर मिलिमीटरभर उंची होईल. एका ग्रॅममधल्या थरांचा एकूण पृष्ठभाग 700 ते 800 चौरस मीटर भरतो. थरांवर ऋण भार असतो, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम हे धन आयन आपापलं पाणी घेऊन थरांमध्ये बसतात. कॅल्शियमवर दोन भार असल्यानं तो शेजारचे थर धरून ठेवतो आणि माती एका मर्यादेपर्यंतच फुगते. सोडियमची पकड सैल. गोडं पाणी मिळालं की थर दूर दूर सरकतात, कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि मुरण्याच्या वाटा बुजवतात. कोकणातल्या जांभ्या मातीत केओलिनाइट हे खनिज जास्त. 100 ग्रॅम केओलिनाइट 3 ते 15 मिलीइक्विव्हॅलंट (आयनांचा भार मोजायचं एकक) धन आयन धरतं, तर स्मेक्टाइट 80 ते 120. त्यामुळे तिकडचा अनुभव इकडे लावू नका.

फक्त ईसी बघून निदान

माती परीक्षणात ईसी (विद्युत वाहकता) कमी आली की शेतकरी निर्धास्त होतो. ईसी क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. ईसी 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांतला सोडियमचा वाटा) 15 टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. ईसी 4 च्या आत, पण सामू 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. ईसी आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण. आपल्या भारी काळ्या जमिनीत 15 टक्के गाठायच्या आधीच पाणी मुरणं मंदावतं, म्हणून अहवालात विनिमययोग्य सोडियमचा आकडा मागून घ्या.

घरीही एक परीक्षा होते. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि ढवळू नका. काही तासांत ढेकूळ फुटून दाणे पडले पण पाणी नितळ राहिलं, तर प्रश्न बहुधा सेंद्रिय कर्बाचा. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियम. बोअरचं पाणी वापरलंत तर परीक्षा फसते, कारण त्यातले क्षार कणांना एकत्र ठेवतात आणि ढग उठतच नाही. तोच गढूळ ग्लास ढवळून चिमूटभर जिप्सम टाका. कण गोळा होऊन तळाला बसताना डोळ्यांनी दिसतात.

जिप्समच्या आधी गोड्या पाण्यानं धुणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्षारयुक्त-चोपण रानात पाणी बऱ्यापैकी मुरत असतं, कारण मातीतल्या पाण्यात क्षार भरपूर असल्यानं सोडियम असूनही कण सुटत नाहीत. कालव्याचं गोडं पाणी सोडून क्षार धुतले की ईसी घसरते आणि काम झालं असं वाटतं. पण सोडियम थरांवर तसाच असतो, त्याला आवरणारे क्षार तेवढे गेलेले असतात. कण सुटतात, वाटा बंद होतात. आता जिप्सम टाकलं तरी ते विरघळवून खाली नेणारं पाणीच उतरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम थरांवरच्या सोडियमची जागा घेतं, म्हणून क्रम आधी जिप्सम, मग धुणी (पाणी देऊन क्षार खाली धुणं), असाच हवा.

अंदाजानं जिप्सम

एक हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात, दर 100 ग्रॅम मातीमागे एक मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला सुमारे दोन टन शुद्ध जिप्सम लागतं. चार पोत्यांनी काय होणार? प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्या, ते बारीक दळलेलं घ्या आणि वरच्या थरात नीट मिसळा, शेणखताबरोबर दिलं तर उत्तम. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे एका टनाला चार लाख लिटर, हेक्टरभर रानात चार सेंटिमीटर पाणी. चुनखडी मुबलक असेल तर गंधकही चालतं, पण चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करणारं आम्ल त्यापासून बनवायला जिवाणूंना हवा आणि वेळ लागतो. पाणथळ रानात ते नुसतं पडून राहतं.

भेगाळलेल्या रानात एकदम पाणी

उन्हाळ्यात भेगा पडलेल्या रानात पाणी सोडलं की ते भराभर गडप होतं आणि रान चांगलं धुतलं असं वाटतं. पाणी भेगांतून सरळ खाली गेलेलं असतं. क्षार ढेकळांच्या पोटात असतात आणि तिथून ते भेगेपर्यंत विसरणानं, म्हणजे जास्त क्षाराकडून कमी क्षाराकडे हळूहळू पसरत, सरकतात. त्यात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. म्हणून आधी ढेकळं फोडा, हलकं पाणी देऊन भेगा मिटू द्या, मग थोडं थोडं पाणी मध्ये दिवस सोडून द्या. युरियाचा हप्ता धुणीनंतर. त्यातून तयार होणारं नायट्रेट ऋण भाराचं असल्यानं माती त्याला धरत नाही आणि ते धुणीबरोबर निघून जातं.

विहिरीचं पाणी चवीवर ठरवणं

पाणी गोड लागलं तरी त्यात बायकार्बोनेट जास्त असू शकतं. ते मातीतल्या कॅल्शियमचा चुना करून टाकतं आणि थरांवर सोडियमला जागा मोकळी होते. पाण्याच्या अहवालात आरएससी (अवशिष्ट सोडियम कार्बोनेट) बघा. लिटरला 2.5 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर ते पाणी सरसकट देऊ नका.

निचऱ्याशिवाय सुधारणा

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि 1910 च्या सुमारास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान त्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करत होते. म्हणजे हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि तरी आपण निचरा शेवटी ठेवतो याचं वाईट वाटतं. जिप्सममुळे सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो, पण ते पाणी रानाबाहेर गेलं नाही तर उन्हाळ्यात केशाकर्षणानं परत वर येतं आणि पांढरा थर धरतो. रान पडीक टाकून हे बरं होत नाही. खालचं पाणी उथळ असेल तर पडीक रानात क्षार वाढतच जातात. साधारण मीटर-सव्वा मीटर खोलीवर गाळणीचं कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाईप घालावे लागतात. दोन ओळींतलं अंतर मातीच्या तपासणीवरूनच ठरवा, शेजाऱ्याचं बघून नको. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या कामाची माहिती मिळते. पाईपचं तोंड ओढ्याला काढायला बहुतेकदा दुसऱ्याच्या रानातून जावं लागतं, म्हणून खर्चाला हात घालण्याआधी बांधाशेजारच्यांशी बोलून घ्या आणि ओढ्याची पातळी पावसाळ्यात तोंडाच्या वर चढत नाही ना, ते पाहून ठेवा.